सव्वा मूठ

दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे तुळस, कढीपत्ता नि कपड्यांची दोरी मावेल एवढं अंगण होतं. आबा, म्हणजे माझे वडील, वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करून घेणाऱ्या खात्यात होते. केंद्राची घरघर चोवीस तास चालायची. तिची आम्हाला इतकी सवय झाली होती की धुळ्याला नातेवाइकांकडे गेलो की पहिल्या रात्री कुणालाच झोप लागायची नाही. माय पापड घालायच्या दिवशी आधी अंगणात जाऊन वारं कुठून येतंय ते बघायची, आणि ते केंद्राच्या धुराच्या चिमण्यांकडून येत असलं तर सगळा घाट उद्यावर ढकलायची. कॉलनीतल्या बायकांशी ती शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करी. दार लोटून आत आली की पायातली घट्ट चप्पल काढावी तशी ती भाषा काढून ठेवी आणि अहिराणीवर येई. जेवायला बाजरीची नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, रविवारी शेवभाजी. शेवभाजीचा ठसका असा की शेजारच्या क्वार्टरमधले लोक शिंकायचे. सुखाचं घर होतं, असं आज म्हणते. तेव्हा मला ते लहान वाटायचं आणि त्यातून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. त्या एका वर्षाच्या उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंतचं मी इथं लिहिणार आहे, कारण त्या श्रावणात मी एक खोटं बोलले, आणि आमच्या घराण्यात ते अजूनही खरं म्हणून चालतं.

भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ सुधाकर, शिरपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी यायचा, तेव्हा त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात दाबलेली पानं असायची आणि माय ती कचरा समजून दोनदा चुलीत घालता घालता राहिली होती. त्याच प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर मधू होता. मधुकर चाळीसगावचा. वडील लहानपणीच गेलेले. आई शाळेत शिपाई, आणि हा एकुलता एक. पण घरात दहा भावंडं असल्यासारखा गलका करायचा. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं भुसावळला उतरून तो आमच्याकडे जेवायला यायचा, दारातूनच ‘मावशी, शेव किती घातली?’ म्हणून ओरडायचा आणि मला ‘बाई’ म्हणून हाक मारायचा, कारण मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि त्याच्या चुका काढायचे. मला तो आवडायचा. आता बासष्टाव्या वर्षी हे आडपडदा न ठेवता लिहायला काही हरकत नाही. त्याला ते माहीत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या कॉलेजातले एक सर हिमालयात जाऊन आले आणि त्यांनी प्रयोगशाळेत पडद्यावर स्लाइड्स दाखवल्या. आता ज्याला उत्तराखंड म्हणतात तिथली ती फुलांची दरी. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधे ढग उतरलेला, आणि गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत नुसती निळी, पिवळी, जांभळी फुलं. भाऊ आणि मधू त्या दिवसापासून कामातून गेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चढला की कावळेसुद्धा नळाखाली येऊन बसतात. तिथं बसून हे दोघं ढग आणि बर्फ यांच्या गप्पा मारायचे. आमच्यापैकी कुणीही जळगाव-धुळ्याच्या पुढं फारसं गेलेलं नव्हतं. आबा एकदा नाशिकला गेले होते, तेवढ्यावर ते पुढं वीस वर्षं बोलत राहिले. मला भाऊनं पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘तूही यायचं. फुलांची नावं तुलाच येतात.’ मी त्या रात्री सगळ्या नावांची यादी काढली.

तयारी म्हणजे काय, तर शंभर पानी वही. भाऊचं अक्षर बारीक आणि सरळ, मधूचं वाटेल तसं. गाडी भुसावळहून दिल्ली, तिथून हरिद्वार, मग दोन दिवस बस, मग पायी. पहिल्या पानावर सामान, दुसऱ्यावर वेळापत्रक, आणि तिसऱ्या पानावर भाऊनं नियम लिहिले होते. पाऊस पडत असेल तर चालायचं नाही. एकट्यानं पुढं जायचं नाही. रस्ता बंद असेल तर थांबायचं. पहिल्या नियमाखाली त्यानं दोन रेघा ओढल्या होत्या. मधू ते वाचून खो खो हसला. ‘अरे, ती फुलं पावसातच उमलतात. तुझ्या नियमानं गेलो तर आपण हरिद्वारच्या धर्मशाळेत बसून भजी खाऊ.’ खरं होतं ते. त्या दरीत फुलं श्रावणातच येतात, आणि श्रावणातच ते डोंगर खचतात. हे दोन्ही सरांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला भाऊचा चेहरा वेगळा दिसला. तो हसला, पण वही मिटून मांडीखाली घेतली.

लोकरीचे कपडे आमच्याकडे कुणाकडेच नव्हते. आबांच्या खात्यातल्या उत्तरेकडच्या एका फोरमननं दोन जाड कोट दिले. माय ते उन्हात टाकायला गेली तर कोटांच्या वासानं मांजर पळालं. भाऊ आणि मधू पाठीवर गव्हाची अर्धी गोणी बांधून शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यात चालायचा सराव करायचे. पाड्यावरचे लोक त्यांना विचारायचे की गहू कुणाला विकायचे. घरी आल्यावर मधू ही गोष्ट अशी रंगवून सांगायचा की आबांनाही हसू यायचं. पण रात्री साडेआठच्या रेडिओवरच्या बातम्यांत वरच्या डोंगरांतल्या पावसाचं काही आलं की आबा हात वर करायचे आणि सगळे गप्प बसायचे. कुठंतरी रस्ता वाहून गेला. कुठंतरी बस अडकली. बातमी संपली की माय उठून रेडिओ बंद करायची, पुढचं गाणं लागायच्या आत. आज माझ्या भाच्याची मुलगी मोबाईलवर तिथला पाऊस मला बोटानं सरकवून दाखवते, तास न् तासाचा. तेव्हा आम्हाला बातमी यायची ती कुणीतरी मेल्यावरच.

आषाढ लागला. तीन तिकिटं काढून झाली होती. एका रविवारी जेवण चालू असताना आबा ताटातलं बोट न उचलता म्हणाले, ‘कुमुद नही जावाव.’ मी म्हटलं, का? ते म्हणाले, ‘पोर डोंगरमा जाई आनि मी आठे सुखमा जेवसू? नही म्हंजे नही.’ मी भाऊकडे पाहिलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला, खाल्ला नाही. मधू म्हणाला, ‘आबा, आम्ही दोघं आहोत ना.’ आबांनी त्याच्याकडे परक्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं, ते मला कळलं आणि बहुतेक त्यालाही कळलं, कारण त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ओढला. माय मला समजावायला आली, ‘पुढला साले लगीन व्हई तुनं. मंग नवराबरोबर जाजो, कोठेबी.’ मी अंगणात जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, त्यांच्या घड्या घातल्या, ते परत पसरले आणि परत घड्या घातल्या. मला एवढा राग पुन्हा कधी आला नाही. आबांचा आला त्याहून जास्त भाऊचा आला. एक शब्द बोलला असता तर! त्या रागात मी मनाशी हिशोब केला. भाऊ गेला नाही तर मधू जाणार नाही. दोघंही राहिले तर पुढच्या वर्षी जातील, आणि पुढच्या वर्षीपर्यंत मी आबांना वळवीन. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त त्यांना थांबवायचं होतं, माझ्यासाठी, एक वर्ष.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. खानदेशातली भाऊबंदकी, म्हणजे एका घराण्यातले सगळे, तेव्हा कुठं कुठं असेल तिथून एका घरी येते. आमची धुळ्याला, आबांच्या थोरल्या भावाच्या, नानांच्या घरी. त्यांची बायको म्हणजे अक्का. घराण्यातल्या बायकांत वयानं आणि मानानं मोठी, आवाजानंही. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे तर त्याचा गहू मोजून घेत नाहीत, मुठीनं घेतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस देवीच्या पदराबाहेर पडला असं मानायचे. मग ते दळण गिरणीत जायचं. गिरणीवाल्याला आधीच निरोप असायचा आणि तो चक्की धुऊन पुसून ठेवायचा. त्या पिठात मागून भर घालायची नाही, आणि रोट भाऊबंदकीनंच खाऊन संपवायचे. आता मूठ घेणार अक्का, पण ती नवऱ्याचं आणि दिरांचं नाव कसं घेणार? म्हणून नावं सांगायला घराण्यातली एक लेक शेजारी बसायची. लेकींच्या नावाची मूठ नसते, पण नावं सांगायला लेक लागते. हे त्या वर्षापर्यंत मला कधी खुपलं नव्हतं.

रविवारच्या चार दिवस आधीच आम्ही सगळे धुळ्याला पोचलो होतो. ‘चाल वं, नावं सांग. माले तेस्नं नाव लेता येस का?’ अक्का म्हणाली आणि लाजली, साठीच्या वयात. मी तिच्या कानाशी नावं सांगत गेले आणि ती एकेक मूठ आणि वर चिमूट अशी सुपात टाकत गेली. नानांचं, आबांचं, चुलत्यांचं, चुलत भावांचं. सतरा नावं. भाऊचं नाव मी घेतलं. स्पष्ट घेतलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच, कारण तो आठवड्याभरानं जाणार होता आणि राग असला तरी मला त्याची काळजी होती. अक्कानं त्याची मूठ टाकली. हे मी इथं शपथेवर लिहिते. रविवारी पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी झाली, रोट झाले, रात्रभर गाणी झाली. सोमवारी पांझरा नदीवर कानबाई शिळवून, म्हणजे विसर्जन करून आलो. बायकांचे पदर ओले, पायांना वाळू. बुधवारी भाऊ आणि मधूची गाडी होती. नानांच्या घरी परत आल्याबरोबर माय भाऊसाठी दशम्या करायला बसली आणि परातीत दूध ओतत म्हणाली, ‘पंधरा दिन टिकतीन.’ तिच्या आवाजात कौतुक होतं. तिथंच, त्या दुधाकडे बघत, मी म्हणाले, ‘अक्का, मी भाऊनं नाव सांगाले इसरी गयी.’

अक्का उभी होती ती खाली बसली. ‘काय बोलस वं तू?’ मी पुन्हा म्हणाले. एकदा बोलल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं. ‘दळन तं गयं,’ अक्का कुणालाच न बघता म्हणाली, ‘रोट बी खाई टाकात बठ्ठासनी.’ सतरा मुठींतली कुठली पडली नि कुठली नाही, हे तिला कसं आठवावं? नावं मला माहीत होती, तिला फक्त हात माहीत होता. मायनं पीठ तसंच सोडलं. बाहेरून पुरुष आले. आबा असल्या गोष्टी मानत नसत. कोळशाच्या खात्यात ते देवाच्या सुट्ट्यांवरून लोकांची टिंगल करायचे. मला वाटलं आता ते मला एक ठेवून देतील आणि सगळं मिटेल. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, ‘तिकीट परत करी दे, सुधाकर.’ अक्का भाऊकडे वळली. ‘तू कोठेच जावाव नही. मना हात जोडेल शेतस.’ आणि तिनं खरोखर हात जोडले, आपल्या पुतण्यापुढं. भाऊ दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता तो भांडेल, मला खोटारडी म्हणेल. तो म्हणाला, ‘बरं.’ एवढंच. मी जिंकले होते.

मंगळवारी तो चाळीसगावला मधूकडे गेला आणि संध्याकाळी परत आला. मायनं विचारलं, मधू काय म्हणाला? भाऊ पायातले बूट सोडवत राहिला. नवे कॅनव्हासचे बूट, पायात रुळावेत म्हणून तो महिनाभर घालत होता. मग म्हणाला, ‘तो एकटा जाणार आहे.’ मी चहा गाळत होते. अर्धा चहा ओट्यावर गेला. मधूनं त्याला म्हटलं होतं की आयुष्यात एकदा निघालेला माणूस तिकीट परत करत नाही. आणि भाऊनं त्याला वही दिली होती, नियमांच्या पानासकट. अजून एक अख्खी रात्र हातात होती. मी खरं सांगितलं असतं तर? माझी थोडी बेअब्रू झाली असती, आबांनी महिनाभर बोलणं सोडलं असतं आणि भाऊ बुधवारी त्याच्याबरोबर गेला असता. आणि भाऊ बरोबर असता तर मधू पावसात एक पाऊल टाकू शकला नसता. हे मला आज कळतंय असं नाही, हे मला त्या मंगळवारीच कळलं होतं. तरीही मी ओटा पुसला आणि चहाचं दुसरं आधण ठेवलं.

बुधवारी भुसावळ स्टेशनवर त्याला भेटायला भाऊबरोबर मीही गेले. गाडी तिथं बरीच थांबते. मधूनं त्या उकाड्यात फोरमनचा कोट हातावर घेतला होता आणि येणारे जाणारे त्याच्याकडे बघत होते. मायनं दिलेल्या दशम्यांचं गाठोडं मी त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, ‘बाई, तुझी यादी दे. कुठलं फूल दिसलं त्यावर खूण करून आणतो.’ मी यादी आणली नव्हती. ती मी फाडून टाकली होती. तसं त्याला म्हणाले नाही, विसरले म्हणाले. ‘तू हल्ली फार विसरतेस,’ तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात काही होतं का, हे मी चाळीस वर्षं शोधते आहे. ‘पुढच्या वर्षी तू, मी आणि हा भित्रा. मी आबांशी बोलतो.’ मग आमच्याकडे पाहत हलत्या गाडीच्या दारात उभा राहिला. भाऊनं ओरडून सांगितलं, ‘पाऊस असला तर चालू नको!’ ते त्याला ऐकू गेलं असेल. त्यानं कोट हलवला.

त्याचं एक पत्र आलं, हरिद्वारचं. गंगेचं पाणी मातीसारखं आहे, दशम्या अजून मऊ आहेत, असं काहीबाही. मग रेडिओवर रोज त्या बाजूचा पाऊस येऊ लागला आणि माय आता रेडिओ बंद करायची नाही, आवाज कमी करायची. भाऊ त्या शनिवारी आला तो न जेवता झोपला. पुढच्या आठवड्यात कॉलेजला तार आली. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, बस दोन दिवस अडकली होती. बाकीचे उतारू बसमध्ये थांबले. मधू पायी पुढं निघाला, एकटा, पावसात. बसपासून अर्ध्या कोसावर वरून डोंगर आला. त्याला तिथंच अग्नी दिला होता. शिरपूरहून भाऊनं ही बातमी आणली आणि मायला सांगितली. ती ऐकून मायनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मला जवळ ओढलं आणि माझे गाल दोन्ही हातांनी कुरवाळले. ‘मना पोऱ्या वाचना,’ ती म्हणाली, ‘तुनामुये वाचना.’ मग ती मधूसाठी रडली. पण आधी ती हसली होती. मी पाहिलं.

दोन दिवसांत धुळ्याहून अक्का आली, बसनं, एकटी, जी कधी एकटी फिरली नव्हती. तिनं माझी ओटी भरली. कुंवार मुलीची कुणी अशी ओटी भरतं का? पण तिनं भरली, आणि कॉलनीतल्या बायका दारात जमल्या. नाव विसरले ते मी विसरले नव्हते, देवीनंच विसरायला लावलं होतं. भाऊला थांबवायचं होतं म्हणून. असा त्याचा अर्थ लागला, आणि एका आठवड्यात तो सगळ्या भाऊबंदकीत पोचला. मी तोंड उघडलं तर? तर अक्का काय म्हणाली असती, आबा काय म्हणाले असते, याचा विचार मी करत होते. मधूचा विचार रात्री करायचे. दिवसा बायका माझ्याकडे अशा बघायच्या की मला वाटायचं आपण मेलो आहोत आणि कुणाला ते कळलेलं नाही.

मधूच्या आईला भेटायला गेलो तो दिवस शुक्रवार होता. माय, भाऊ आणि मी. चाळीसगावला स्टेशनपासून जवळच एका गल्लीत दोन खोल्या. ती बाई जमिनीवर बसली होती, कपाळ मोकळं तर आधीपासूनच होतं. तिनं आम्हाला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. गावातल्या कुणीतरी तिला आमच्या घरची गोष्ट सांगितली होती. ती मायला म्हणाली, ‘तुमना पोऱ्याले देवीनी थांबाडं, बरं व्हयनं, माय.’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मग ती माझ्याकडे वळली, आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारू लागली. ‘मी तं लिधी व्हती, बाई. तेना नावनी सव्वा मूठ. घरमा दुसरं कोन शे? एकच तं नाव. मी ते कसं इसरू?’ ती थांबली. ‘मंग देवीनी मना पोऱ्याले कसाले जाऊ दिधं? तुले काही सांगं का तिनी?’ माय पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी त्या बाईच्या पायांकडे पाहत राहिले. त्या खोलीत खरं सांगण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नव्हती आणि मी ते सांगितलं नाही. या लिखाणात स्वतःबद्दल एवढी एकच गोष्ट मला क्षमा करता येत नाही.

संध्याकाळच्या पॅसेंजरला उशीर होता. माय फलाटावरच्या नळाशी तोंड धुवायला गेली. भाऊ आणि मी बाकावर. मला ते आता आत ठेवता येईना. मी म्हणाले, ‘भाऊ, मी तुझं नाव घेतलं होतं.’ तो रुळांकडे बघत होता. आमच्या घरात दोघंच असलो की आम्ही मराठी बोलायचो, कॉलेजची. तो अहिराणीत म्हणाला, ‘माले ठाऊक शे.’ मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ‘मी तठेच दारपन व्हतू,’ तो म्हणाला, ‘तू नाव सांगं, माले आयकू उनं. मोठा आवाजमा सांगं तू.’ मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग सोमवारी तू बोलला का नाहीस? त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, शाळेत फोटोला बसवतात तसे. ‘माले भ्याव वाटे,’ तो म्हणाला, ‘ते पडदावर पाह्यं तव्हयपासून. मधूले सांगता येत नव्हतं. आनि मंग तू ते खोटं सांगं.’ मग म्हणाला, ‘तेन्ही माले दोनदा इचारं, तू का नही येस. मी सांगं, देवी नही म्हनस.’

गाडी आली. डब्यात गर्दी नव्हती. माय आमच्या दोघांच्या मधे बसली. समोर एक बाई होती, लेकराला मांडीवर घेऊन, त्याला ताप होता. मायनं तिला विचारलं, कुठं चालली, लेकराला काय झालं. आणि मग, दुसऱ्याच्या घरचं दुःख ऐकलं की आपल्या घरचं सुख सांगावंसं वाटतं तसं, मायनं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. नागपंचमीपासून. मूठ, गिरणी, तिकीट, डोंगर. ‘मनी पोरना तोंडमाईन देवी बोलनी, बाई,’ ती म्हणाली. मी मायच्या पलीकडे भाऊकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होता आणि त्याची मान हलली नाही. त्या बाईनं सगळं ऐकलं. मग ती उठली, हलत्या डब्यात तोल सांभाळत आली आणि ते तापलेलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. ‘तेना डोकावर हात ठेव वं, माय,’ ती मला म्हणाली. तिच्यापेक्षा मी वयानं लहान होते. माय म्हणाली, ‘ठेव ना.’ मी हात ठेवला.